नाव कुठं लिहायचं?

लेणी बघायची म्हटलं की आपली पोरं अजिंठा-वेरूळची गाडी धरतात. जरूर धरावी. पण सांगलीहून एस.टी.नं कराडला उतरलं, की जखिणवाडीच्या वर आगाशिवाचा डोंगर आहे. त्यात साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. डोंगराला नाव महादेवाचं, पोटात विहार बुद्धाचे.

गिरणीत मी म्हणजे एक तिकीट नंबर. सुट्टी मिळाली की हा डोंगर चढतो. तिथं बुद्धमूर्ती शोधू नका, तो काळ स्तूपाचा. भिक्खूंच्या अंधाऱ्या खोल्यांत बसून मी छिन्नीचे घाव हातानं चाचपतो. राबणाऱ्या हाताला ते घाव लगेच कळतात.

इथल्या एका लेखात दान देणारा आपलं नाव सांगतो : गोपाळाचा मुलगा संघमित्र. तिकडं कोकणात कुड्याच्या लेण्यात कराडचा महिक भेटतो, लोखंडाचा व्यापारी. मध्य प्रदेशात भरहुतच्या स्तूपावर तर अख्ख्या कराड गावाचं दान कोरलंय. ह्यात राजा कुणी नाही. बापाचं नाव आहे, गाव आहे, धंदा आहे. जात नाही.

आता साताऱ्याला चला. तिथल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला एक नाव चढलं : भिवा रामजी आंबेडकर. पुढच्याच साली, १९०१ला, बापाला भेटायला निघालेला हा भिवा भाऊ-भाच्यांबरोबर मसूर स्टेशनात उतरला. मास्तरनं विचारलं, कोण तुम्ही? महार म्हणताच तो मागं सरला. पोरांनी तहानेनं रात्र काढली. मसूर कुठं आलं? ह्याच कराड तालुक्यात. ज्या मातीत जात न विचारता नावं कोरली, तिथं नाव न विचारता जात विचारली.

१९३४ साली बाबासाहेब वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. टाक्याच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून माणसं अंगावर आली. गोलमेज परिषद करून आलेला माणूस! किल्ल्याच्या दारात तीही कामाला आली नाही.

२०२४ साली लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली. अशी शस्त्रं बघताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो : घण कुणी मारला? भाता कुणी ओढला? त्याची पाटी कोण लावणार?

आपणच. पुढच्या सुट्टीला वही आणि बॅटरी घेऊन आगाशिव चढा. घरी आल्यावर म्हातारीजवळ बसा. तिच्या आईचं नाव विचारा, आजीचं विचारा, कुठल्या बांधावर राबली ते विचारा. किती जणांना पणजीचं नाव ठाऊक आहे?

लेण्याच्या भिंतीवर खिळ्यानं नावं खरडू नका. ती भिंत आपलीच आहे. आपल्याकडं कागद आहे, त्यावर लिहा.