सूर्याचें पात्र

वनवासास निघालेल्या धर्मराजास, सोबत आलेल्या ब्राह्मणांना जेवूं काय घालावें ही चिंता पडली; तेव्हां धौम्यांच्या सांगण्यावरून त्यानें सूर्याची आराधना केली व सूर्यानें त्यास अक्षय पात्र दिलें, ही वनपर्वांतील कथा वाचकांस ठाऊकच आहे. त्या पात्राला एक अट होती. द्रौपदीचें जेवण आटोपलें, कीं त्या दिवसापुरतें तें रितें. शाळेंत संस्कृत शिकवितांना ही अट मीं कितीतरी मुलांस सांगितली असेल. पण तिचें मर्म मला गच्चीवर सोलर बसविल्यानंतर कळलें.

आमचें घर वाईस. पुढचा भाग माझा, मागचा धाकट्या बंधूंचा, असें तोंडीं ठरलेलें. चुली दोन, वाटणी कागदावर नाहीं आणि विजेचा मीटर एकच. दोन्ही बिऱ्हाडें मिळून महिन्यास सुमारें २५० युनिट वीज लागे व बिल अडीच हजारांच्या आसपास येई. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सूर्यघर योजना काढली. तींत पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकीं ३०,००० व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपयांचें अनुदान ठेवलेलें पाहून मी वही-पेन्सिल घेऊन बसलों.

तीन किलोवॅटांस साधारण ३०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. ती मागील गच्चीवर होती. पापड-कुरडया मग कोठें वाळवावयाच्या, हा घरांतील मंडळींचा प्रश्न अगदीं रास्त होता. सांगाडा एका अंगास घेऊन तो सोडविला. खर्च १,९५,००० रुपये. अनुदान वजा जातां १,१७,०००. एक किलोवॅट चांगल्या उन्हांत दिवसास सुमारें चार युनिट देतो, तेव्हां आमची गरज भागण्यासारखी होती. बिलांतील स्थिर आकार कांहीं सुटत नाहीं. तो सोडून वर्षास २८,००० रुपये वांचतील असें दिसलें. म्हणजे मुद्दल चार-सवाचार वर्षांत वसूल. हीच रक्कम बँकेंत राहिली असतां मिळणारें व्याज धरलें, तर पांच. पॅनेलांस पंचवीस वर्षांची हमी. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांनीं बदलावा लागेल, त्याची तरतूद निराळी.

हा हिशेब मीं मोठ्या उमेदीनें बंधूंपुढें ठेवला. त्यांनीं तो शांतपणें वाचला व म्हणाले, "दादा, पॅनेलांना पंचवीस वर्षांची हमी आहे, आपल्या घराला किती वर्षांची?"

मी निरुत्तर झालों. माझा मुलगा बंगळूरास, त्यांची मुलगी पुण्यास. घर राखावें कीं विकावें, हा विषय आम्ही दोघेही कित्येक वर्षें टाळीत आलों होतों. त्यांतच अर्ज भरतांना ध्यानांत आलें, कीं मीटर अजून वडिलांच्याच नांवावर आहे. त्यांना जाऊन बावीस वर्षें झालीं, तरी बिल त्यांच्या नांवें येत होतें, आणि तसें येण्यांत आम्हांस बरेंच वाटे. आतां अर्जदाराच्या नांवें मीटर हवा. म्हणजे नांव बदलणें आलें, व त्यासाठीं इतर वारसांचीं संमतिपत्रें आलीं. बहिणीचें टपालानें आलें. बंधू दोन दिवस कांहींच बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं सही केलेला कागद माझ्या हातीं देऊन म्हणाले, "पांच वर्षें घर विकण्याचा विषय कोणीं काढावयाचा नाहीं, एवढें कबूल करा. पुढचें पुढें." मीं कबूल केलें. पैसे निम्मे-निम्मे घातले.

वर्षाचा अनुभव सांगतों. वैशाखांत दिवसास तेरा युनिट मिळत. आषाढांत, आभाळ भरलेलें असतां, पांचही नाहींत. दिवसा उरलेली वीज तारेवर जाते, रात्रीं लागेल ती तेथूनच येते, व जमाखर्च मीटर ठेवतो. परंतु गांवची वीज गेली, कीं भर दुपारींही आमचें यंत्र बंद पडतें! दुरुस्तीस खांबावर चढलेल्या लाइनमनला आमच्या गच्चीवरील विजेचा धक्का बसूं नये, म्हणून तशी योजनाच केलेली असते. तेव्हांही दिवे हवे असतील तर सांठवणीची बॅटरी घ्यावी. पण मग वरील सारा हिशेब नव्यानें मांडावा. सूर्य देतो, पण अट घालूनच. ज्यांचें बिल मुळांतच थोडें आहे त्यांनीं घाई करूं नये. जेथें माडाची वा शेजारच्या इमारतीची सावली पडते तेथें तर नीट पाहून घ्यावें, कारण एका पॅनेलावरील सावली सबंध ओळीचें उत्पन्न कमी करूं शकते.

दर पंधरवड्यास सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं पॅनेलें धुवावीं लागतात. बंधू पाणी ओततात, मी पुसतों. तेवढा अर्धा तास आम्ही बोलतों. पूर्वीं महिनोन् महिने इतकें बोलणें होत नसे.

पहिलें बिल दोनशें रुपयांच्या आंत आलें, तेव्हां घरांत आनंदी आनंद झाला. मी मात्र वरचें नांव पाहत राहिलों. तें माझें होतें. वडिलांच्या नांवाचें शेवटचें बिल मीं देव्हाऱ्याच्या खणांत ठेवलें आहे. बंधूंच्या तें एकदां दृष्टीस पडलें. कांहीं न बोलतां त्यांनीं खण हलकेच लावून घेतला.