चिठ्ठीवरची अट

लायब्ररी म्हटली की आम्हां जळगावकरांना वल्लभदास वालजी वाचनालय आठवते, धुळेकरांना राजवाडे संशोधन मंडळ. संगणकवाल्यांची लायब्ररी निराळी. कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या कामांचे ते गाठोडे. नवा प्रोग्राम त्यातून हवे ते उसने घेतो.

माझा धुळ्याचा भाचा अशा प्रोग्रामांच्या एका संग्रहाची निगा राखतो, आणि तीही फुकट! संग्रहातल्या प्रत्येक पुडक्यावर एक चिठ्ठी असते: 'मला चालायला अमुक अमुक लायब्ररी लागते.' ती मिळाली नाही, तर पुडके उघडतच नाही.

यंदा आईच्या अहिराणी ओव्या ध्वनिमुद्रित करायचे ठरले. तिचे वय ८४. 'पुढल्या वर्षी पाहू' म्हणण्याजोगे नव्हे. भाच्याकडचा प्रोग्राम त्याच्या लिनक्सवर सुरेख चाले. माझ्या मुलीच्या मॅकवर मात्र बसेचना. तो 'अल्सा' मागत होता. अल्सा हा लिनक्सच्या घरचा आवाजाचा कारभारी. मॅकवर तो नसतोच. तिथे ते काम कोअर ऑडिओ करतो, आणि तो यंत्राबरोबरच घरात आलेला असतो. प्रोग्रामला दोघांशीही बोलता येत होते. हट्ट होता तो चिठ्ठीचा!

"मग खोडून टाक ना ती ओळ," मी फोनवर म्हणालो.

"मामा, मग तो माझ्याकडे मुका होईल."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. भरिताचे वांगे आमच्याकडे कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. पुण्याच्या सुनेला कृती सांगताना काड्या मी खोडत नाही, म्हणाली. 'काड्या असतील तर काड्या, नाहीतर गॅस' असे सांगते. वांगे मात्र अस्सलच हवे. (जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काय उगीच?)

भाच्याला हेच करायचे होते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या प्रचंड संग्रहात लायब्ररीच्या नावापुढे चौकटी कंसात लिहितात, की ही अमक्याच जातीच्या यंत्रावर लागते. भाच्याने तशीच अट घातली: लिनक्स असेल तरच अल्सा. त्याने धुळ्याला चालवून पाहिले, मुलीने इथे. दोन्हीकडे आवाज उमटला.

आईने त्याच दुपारी अकरा ओव्या म्हटल्या. आता पुण्याच्या सुनेलाही तिच्या आईच्या ओव्या अशाच साठवायच्या आहेत. तिच्याकडे विंडोज आहे, हे भाच्याला अजून कुणी सांगितलेले नाही.