सहीनंतरची वर्षे

अमेरिकेतील ख्रिस्ती शाळांमध्ये ‘मिशन ट्रिप’ नावाची जी प्रथा आज रुळली आहे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गटाने शिक्षकांसह मेक्सिको, ग्वाटेमाला किंवा होंडुरासमध्ये सुट्टीतला एखादा आठवडा सेवाकार्य आणि धर्मप्रसार यांत घालवण्याची प्रथा, तिच्यामागे एकेकाळी उभ्या आयुष्याची अट होती, आणि ती अट कागदावर आणणाऱ्यांत ज्याचे नाव अग्रभागी येते त्या तरुणाचा जन्म कोल्हापूरचा होता.

रॉबर्ट वाइल्डर 1863 मध्ये कोल्हापुरात जन्मला, जिथे त्याच्या वडिलांनी, रॉयल वाइल्डर यांनी, 1852 मध्ये मिशनचे काम सुरू केले होते. पुढे कुटुंब अमेरिकेत परतले आणि रॉबर्टने प्रिन्स्टनमध्ये शिक्षण घेतले. 1886 च्या उन्हाळ्यात धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन या आपण स्थापन केलेल्या मुलांच्या शाळेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे शिबिर भरवले, त्यास तो गेला. सुमारे अडीचशे तरुण तिथे जमले होते आणि शिबिर संपेपर्यंत त्यांतल्या 100 जणांनी एका प्रतिज्ञेवर सह्या केल्या. प्रतिज्ञेचा आशय साधा होता : ईश्वराची इच्छा असल्यास परदेशी मिशनरी होण्याची आपली तयारी आहे. यातूनच ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही विद्यार्थी-स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. पुढील वर्षभर वाइल्डर आणि त्याचा सोबती महाविद्यालयामागून महाविद्यालय पालथे घालत हिंडले आणि त्यांनी दोन हजारांहून अधिक सह्या मिळवल्या.

सही करणारे सगळेच बोटीवर चढले नाहीत. कुणाला प्रकृतीने अडवले, कुणाला घरच्या जबाबदारीने. काहींचा उत्साह महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टिकला नसावा. तरीही ती प्रतिज्ञा धर्मशास्त्र किंवा वैद्यक शिकणे, परकी भाषा आत्मसात करणे, मिशन मंडळाकडे अर्ज करणे आणि आप्तांचा निरोप घेणे अशी एकामागून एक कृती मागत असे, आणि तिचा परिणाम टिकण्याचे कारण बहुधा याच मागणीत होते. खुद्द वाइल्डर 1890 च्या दशकात भारतात येऊन विद्यार्थ्यांमध्ये काम करू लागला. पुढे प्रकृतीमुळे त्याला देश सोडावा लागला, तरी युरोपात आणि नंतर कैरोत तो त्याच कामाला जुंपलेला राहिला. 1938 मध्ये नॉर्वेत त्याचे निधन झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास स्वस्त झाला आणि ‘जन्मभर’ची जागा ‘आठवडाभरा’ने घेतली. टेनेसीतील एका महाविद्यालयाचा विद्यार्थी जॉर्ज वर्वर 1957 मध्ये दोन मित्रांसह धार्मिक पुस्तिका घेऊन मेक्सिकोत गेला; 1960 मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही तरुणांना अल्पकाळासाठी पाठवणारी संस्था निघाली; शाळाही हळूहळू याच वाटेने गेल्या. 2005 च्या सुमारास समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनॉ यांनी दरवर्षी परदेशी अल्पकालीन मिशनवर जाणाऱ्या अमेरिकी चर्चसदस्यांचा अंदाज 16 लाख असा केला, आणि त्यात शाळकरी मुले धरलेली नव्हती.

आजच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रतिज्ञापत्राऐवजी ‘सपोर्ट लेटर’ असते. मावशी, शेजारी आणि चर्चमधील वडीलधारे यांना लिहिलेल्या या पत्रात तो प्रार्थनेची आणि, किंचित संकोचाने, पैशाची विनंती करतो. परतल्यावर आभारपत्र जाते, सोबत परदेशी मुलांच्या घोळक्यात एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेल्या गटाचे छायाचित्र असते, आणि देणाऱ्यांशी असलेला हिशेब बहुधा तिथेच मिटतो. पुढे त्या आठवड्याचा उल्लेख महाविद्यालयाच्या प्रवेश-निबंधात येतो, ही गोष्ट शाळाही जाणून असतात.

परिणाम होतच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. जेनी ट्रिनिटापोली आणि स्टीफन व्हेझी यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा प्रवासानंतर किशोरांचा धार्मिक सहभाग वाढलेला आणि श्रद्धा दृढ झालेली आढळली. याउलट होंडुरासमध्ये राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर घरे बांधायला आलेल्या उत्तर अमेरिकी गटांचा माग काढला, तेव्हा आपण आता अधिक दान देतो असे सांगणारे बरेच जण भेटले, परंतु त्यांना पाठवणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत त्यांच्या देणग्या फारशा हललेल्या दिसल्या नाहीत. प्रवासखर्च धरता पाहुण्यांनी बांधलेले एक घर सुमारे 30,000 डॉलरला पडले होते, स्थानिक संस्थेचे सुमारे 2,000 ला. आणि घर कोणी बांधले यामुळे त्यात राहणाऱ्यांच्या जीवनात काही लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. (राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात श्रमदान केलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच परका वाटणार नाही.)

तेव्हा या प्रवासांचे मोल ठरवताना परतल्याच्या आठवड्यात शाळेच्या सभेत डबडबल्या डोळ्यांनी सांगितलेले मनोगत पुरावा म्हणून चालणार नाही. ज्या शाळांना टिकाऊ परिणामाचा दावा करायचा आहे त्यांनी दहा वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना गाठून ते कुठे राहतात, काय वाचतात, कोणाला मत आणि कोणाला पैसा देतात हे विचारावे, आणि तोच प्रश्नसंच घेऊन यजमान गावातही जावे.