विजेची शिदोरी : रायपूरहून रानाकडे निघताना

छत्तीसगडला विजेची वाण नाही. कोरबा येथील राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाच्या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज २,६०० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र स्वतःच्या राज्याखेरीज महाराष्ट्राला आणि गोव्यालाही वीज पुरविते. तेव्हा वाचकहो, पुण्यातील किंवा पणजीतील ज्या दिव्याखाली आपण हे पान वाचीत असाल, त्या दिव्यात या भूमीतील कोळशाचा थोडा अंश असणे सहज शक्य आहे. परंतु हेच राज्य पाहावयास आपण सहकुटुंब आलात आणि रायपूर मागे टाकून दोन तास गाडी हाकलीत, की साल-सागाचे रान दाटू लागते. मुक्कामाच्या खोलीत भिंतीवर विजेचा एकच खटका आढळतो आणि मोबाईलचा टॉवर एका वळणावर दिसतो, तो पुढच्या वळणावर नाहीसा होतो.

पूर्वी रायपूरला येणे हाच एक रानातला प्रवास होता. १८७७ साली बालक नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, येथे आले तेव्हा रेल्वे रायपूरपर्यंत पोचलेली नव्हती. शेवटची मजल बैलगाडीने आणि घनदाट अरण्यातून, आणि ती चांगली पंधरवड्याहून अधिक चालली. त्या काळच्या प्रवाशाची चिंता बैलांचा चारा, कंदिलाचे तेल आणि गाठोड्यातील दशम्या एवढीच असे. आज त्यांच्याच नावाच्या माना येथील विमानतळावर आपण दीड-दोन तासांत उतरतो, किंवा गीतांजली अथवा आझाद हिंद गाडीने येतो. मात्र परतीचे तिकीट, मुक्कामाची नोंदणी, रस्त्याचा नकाशा, पैसे चुकते करण्याची सोय, वडिलांच्या औषधांची यादी आणि अडीअडचणीला फिरवावयाचा ११२ हा क्रमांक हे सारे आपण एका काचेच्या तुकड्यात कोंडून ठेवले आहे. तो तुकडा काळा पडला की माणूस अनोळखी गावात अक्षरशः रिकाम्या हाताने उभा राहतो. म्हणून आजच्या प्रवासात ठेठरी-खुरमीच्या डब्याशेजारी विजेचीही शिदोरी लागते. तिलाच बाजारात पॉवर बँक म्हणतात.

ही शिदोरी घेण्यासाठी रायपुरातील जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनात गेलात, तर मोबाईल आणि त्याची उपकरणे विकणारी दुकानेच दुकाने दिसतील. तेथे काय, आपल्या गावच्या बाजारात काय, प्रत्येक डब्यावर एक भला मोठा आकडा असतो : १०,०००, २०,०००, क्वचित त्याहूनही मोठा. हा आकडा मिलीअँपिअर-तासांचा. दहा हजारांची शिदोरी आणि आपला मोबाईल पाच हजारांचा, म्हणजे तो दोनदा भरेल, असा साधा हिशेब कोणीही करील. प्रत्यक्षात तो दीड वेळाच भरतो, आणि दुकानदाराने फसविले असे आपल्याला वाटते.

यात नेहमीच फसवणूक असते असे नाही. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. येथल्या शेतकऱ्याला विचारा. क्विंटलभर धान गिरणीत घातले की क्विंटलभर तांदूळ कोणी मागत नाही. सदुसष्ट किलोंच्या आसपास तांदूळ हाती येतो, बाकीचा तूस आणि कोंडा. पॉवर बँकेवरील मोठा आकडा हा धानाचा आहे. तो आतील घटाच्या ३.७ व्होल्ट दाबाला मोजलेला असतो. मोबाईलला वीज देताना हा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो, त्यामुळे १०,००० चे मुळातच ७,४०० होतात. त्यातूनही चढविण्याच्या कामात काही भाग उष्णता होऊन निघून जातो, आणि सहा हजारांच्या थोडे पुढेमागे एवढेच बाहेर पडते. मोबाईलच्या आत शिरतानाही थोडी गळती होतेच. प्रामाणिक कारखानदार हा दुसरा, तांदळाचा आकडा डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापतो. तो शोधा. ज्या डब्यावर तो छापलेलाच नाही आणि पुढचा आकडा मात्र डोळे दिपविणारा आहे, तो डबा मी तरी परत ठेवीन.

आणखी एक आकडा पाहावयाचा तो वॉट-तासांचा. दहा हजारांची बँक ३७ वॉट-तासांची असते, वीस हजारांची ७४. विमानाने येणाऱ्या कुटुंबाला हा आकडा फार महत्त्वाचा, कारण शंभर वॉट-तासांपर्यंतची बँक विनापरवाना नेता येते. शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची अनुमती लागते, आणि त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. नेताना ती हातातील पिशवीतच हवी, तळघरात जाणाऱ्या सामानात कदापि नको. कारण उघड आहे : हातातील पिशवीतून धूर निघाला तर कोणाच्या तरी लक्षात येईल, तळघरात येणार नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर एअर बुसान कंपनीचे विमान उड्डाणापूर्वीच पेटले. सर्व माणसे बाहेर काढता आली, परंतु तपासात संशय पडला तो एका पॉवर बँकेतील बिघाडावर. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपले नियम कडक केले, काहींनी तर विमानात तिचा वापरच बंद केला. निघण्याच्या आदल्या दिवशी आपल्या कंपनीचा नियम पाहून घ्यावा. ज्या बँकेवरील छपाई घासून पुसली गेली आहे ती तपासणीच्या वेळी अडविली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

रेल्वेने येणारांना ही कटकट नाही. मात्र डब्यातील चार्जिंगचे खटके रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत बंद ठेवावेत, असे आगीच्या भयाने रेल्वेने २०२१ साली ठरविले. तेव्हा रात्रीच्या गाडीत खटक्याच्या भरवशावर राहू नये.

आता किती मोठी घ्यावी? येथे आपल्या प्रवासाच्या रात्री मोजाव्यात. समजा आपण रायपूरहून सिरपूरला निघालात. आरंग मागे टाकून महानदी ओलांडली की सिरपूर दूर नाही. सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर, जे राणी वासटेने आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या, स्मरणार्थ उभारविले, ते आणि तेथील बौद्ध विहार सावकाश पाहूनही आपण संध्याकाळी परत येता. एवढ्यासाठी घरटी एक दहा हजारांची बँक पुष्कळ झाली. तिचे वजन पावशेराच्या आतबाहेर. गंगरेलच्या जलाशयाकाठी एक रात्र राहण्यालाही तेवढी पुरते. परंतु बारनवापाराच्या अभयारण्यात दोन रात्री, किंवा सुमारे तीनशे किलोमीटर दूरच्या जगदलपूरला जाऊन चित्रकोटचा धबधबा आणि कांगेर खोरे, असा चार दिवसांचा बेत असेल आणि बरोबर तीन मोबाईल व एक कॅमेरा असेल, तर वीस हजारांची घ्यावी. की दहा-दहाच्या दोन? माझा कौल दोघींच्या बाजूने आहे. एक बिघडली तरी दुसरी हाताशी असते, आणि मंडळी दोन गाड्यांत विभागली तरी कोणी उपाशी राहत नाही.

बारनवापाराबद्दल आणखी एक सांगतो. बार आणि नवापारा या दोन गावांच्या नावांवरून या रानाचे नाव पडले. १९७६ साली ते अभयारण्य झाले आणि विस्तार जेमतेम २४५ चौरस किलोमीटर. गवे आणि बिबळे पाहण्याच्या उत्साहात मंडळी पहाटे निघतात आणि दुपारी येऊन तक्रार करतात की मोबाईल हातात न धरताच निम्मा रिता झाला. त्याचे कारण असे की टॉवर सापडेनासा झाला की मोबाईल एकसारखा त्याचा शोध घेत राहतो, आणि या धुंडाळण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. रानात शिरताना तो विमानातल्या अवस्थेत टाकावा आणि नकाशा अगोदरच उतरवून ठेवावा. मग एका भरण्यावर दोन दिवस सहज निघतात. ज्याने एवढे केले त्याची शिदोरी अर्ध्यावर येते, आणि यासाठी दमडी पडत नाही.

सूर्यप्रकाशावर चालणारी पॉवर बँक पाहून आपल्या घरातील मुले नक्की हट्ट धरतील. पाठीवर चकाकणारी पट्टी बसविलेली ही बँक रानात फार कामाची दिसते. परंतु हाताच्या पंजाएवढ्या त्या पट्टीतून भर उन्हात एक-दीड वॉट वीज मिळाली तरी पुष्कळ. ३७ वॉट-तास भरावयास अशी किती दुपारे लागतील, याचा हिशेब मुलांनाच घालावा. शिवाय भरण्यासाठी तिला उन्हात ठेवावे लागते, आणि तेच तिला सोसत नाही. खरोखर सूर्याची वीज हवी असेल तर दहा-वीस वॉटची, घडी घालता येणारी वेगळी पट्टी घ्यावी. पट्टी उन्हात, बँक सावलीत आणि मध्ये लांब तार, ही मांडणी योग्य.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर रायपूरचे ऊन काय असते ते येथल्या लोकांकडूनच ऐकावे. मेअखेरच्या नौतप्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जाणे नवलाचे नाही. त्या दिवसांत घरोघर पाण्यात भिजविलेल्या भाताची बासी खाऊन लोक दुपार काढतात. लिथियमच्या घटाला मात्र अशी बासी नाही. ४५ अंशांच्या वर त्यात वीज भरू नये, आणि ६० अंशांच्या पुढे त्याला नुसते ठेवणेही धोक्याचे. बाहेर ४२ अंश असताना काचा लावलेल्या उभ्या गाडीत साठाचा पारा सहज ओलांडला जातो. सिरपूरच्या वाहनतळावर गाडी उन्हात उभी करून बँक पुढच्या काचेखाली टाकून आपण मंदिर पाहावयास गेलात, तर परत आल्यावर ती फुगलेली आढळली तरी आश्चर्य वाटू नये. तिला खांद्याच्या झोळीत, पाण्याच्या बाटलीपासून दूर, स्वतःबरोबर न्यावे. मोबाईल आणि बँक एकाच घट्ट खिशात कोंबून भरणे किंवा तंबूत उशीखाली ठेवून रात्रभर भरणे, हेही वर्ज्य. फुगलेली बँक पुन्हा कधीही वापरू नये. पेटलीच तर माणसांनी दूर व्हावे आणि सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतीत राहावे.

याउलट, पौष-माघात मैनपाटच्या पठारावर जाणारांना कडाक्याची थंडी भेटते. तेथे बँक मंदावल्यासारखी वाटेल. ती पांघरुणात जवळ घ्यावी, सकाळी पूर्ववत होते.

उष्णता अधिक सोसणारा लोह-फॉस्फेट प्रकारचा घटही हल्ली मिळतो. तो वजनाला जड आणि किमतीला चढा, पण शांत स्वभावाचा आणि वर्षानुवर्षे टिकणारा. गाडीनेच हिंडणाऱ्या आणि उन्हाळ्यातच सुटी मिळणाऱ्या कुटुंबाने त्याचा अवश्य विचार करावा. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या तरुणांना त्याचा भार जाणवेल.

कोणताही प्रकार घ्या, डब्यावर आणि बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि त्याखाली आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहा. आपल्या देशात पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे. ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक घातला की नोंदणी कोणाच्या नावे आहे हे दुकानातच उभ्याउभ्या कळते. नाव जुळले नाही तर पुढे बोलणे नको. बाकी दोन बारीक गोष्टी. बँक स्वतः किती वेगाने भरते हे विचारा. ज्या विश्रामगृहात रात्री चारच तास वीज मिळते, तेथे दहा तास भरणारी बँक सकाळी अर्धपोटीच निघते. वीस वॉटपर्यंत वीज घेणारी दहा हजारांची बँक तीन-चार तासांत भरते. आणि तार चांगली घ्या. कित्येकदा बँकेला दोष दिला जातो तो वास्तविक तिच्या किडकिडीत तारेचा असतो.

मोबाईललाच विजेरीचे काम सांगू नये, ही माझी आग्रहाची सूचना. कांगेर खोऱ्यातील कुटुमसर गुहेत सूर्यकिरण पोचत नाही. तेथल्या पाण्यातील मासेही अंध आहेत. अशा काळोखात वाटाड्याच्या दिव्याबरोबर आपल्या हाती एक स्वतंत्र विजेरी असावी. चित्रकोटला पावसाळ्यात इंद्रावती भरून कोसळते आणि तुषार दूरवर येतात. तेथे बँक घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्यावी. ओली झाल्यास ती लगेच भरावयास लावू नये.

घरी परतल्यावर तिला पूर्ण भरून किंवा पूर्ण रिती करून कपाटात टाकू नये. निम्मी भरलेली असावी. बारनवापाराचे दार पावसाळ्यात बंद होते आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी उघडते. गणपतीच्या सुमारास एकदा तिची चौकशी करून पुन्हा निम्मी भरावी. निकामी झाली असल्यास ती घरच्या कचऱ्यात न टाकता जुन्या विद्युत वस्तू गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावी, कारण २०२२ च्या नियमांप्रमाणे जुने घट परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याचे उत्तरदायित्व उत्पादकांवर आहे. नवी घेण्यास मग दिवाळीपर्यंत हातात वेळ राहतो.