छबील

सरकारी नोकराला आदरातिथ्याची सवय लवकर जडते, आणि तिच्यामागोमाग संशयाचीही. समोर चहा आला, की तो आमच्यासाठी की आमच्या खुर्चीसाठी, हा प्रश्न मनात उभा राहतोच. पंजाबातील छबिलीचे आम्हांस अप्रूप वाटते ते यासाठी. गुरू अर्जुनदेवांना १६०६ साली लाहोरास हौतात्म्य आले. त्यांच्या स्मृतिदिनी, ऐन उन्हाळ्यात, तिकडे रस्त्यारस्त्यांवर मांडव पडतात. मोठाल्या पातेल्यांत दूध, पाणी, साखर, बर्फ आणि गुलाबाचे सरबत कालवलेले असते. या पेयाला कच्ची लस्सी म्हणतात. त्या दिवशी वाटसरूला ती न पिता पुढे जाणे कठीणच!

अमृतसरच्या वाटेवर अशाच एका मांडवापाशी आमची बस अडवण्यात आली. एका पोरसवदा मुलाने खिडकीतून पेला पुढे केला आणि म्हणाला, "जल छको जी!" चालकाला, गवळ्याला, आम्हांला, सगळ्यांना तोच पेला, तेच आर्जव. कोणी पैसे देऊ केले, तर तिकडे न पाहताच तो पुढच्या खिडकीशी गेला.

याच गुरूंनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथात आमच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. आम्ही त्यांच्याच मुलखातले, हे त्याला सांगावे असे फार मनात होते. पण सांगायला त्याने काही विचारले तर पाहिजे! नाव नाही, गाव नाही, हुद्दा तर नाहीच. रिकामा पेला त्याने घेतला. बस सुटली तेव्हा तो मागच्या मालमोटारीच्या चालकापुढे हात उंचावून उभा होता.