टेकूचा सूर

लाँग प्ले रेकॉर्डच्या रेघेतून सुई जेव्हा तंबोऱ्याचा मंद झंकार वाचत असते, तेव्हा ती जेमतेम एका मायक्रॉनच्या आत हलत असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. त्या जाडीचा सत्तरावा हिस्सा घ्यावा, आणि त्याहूनही लहान जागेत गवयाचा श्वास, जवारीचा धागा, षड्ज लागण्याआधी भरून आलेली शांतता हे सगळं मावलेलं असतं. आणि मी राहतो पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर. पायाखाली सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि त्यावर फरशी. जिन्यानं कुणी दोन पायऱ्या एकदम चढलं की फडताळातल्या कपबश्या किणकिणतात. त्या किणकिणीचा आणि त्या मायक्रॉनचा समेट कसा घडवायचा, हा माझ्या घरातला रोजचा आणि मला अतिशय प्रिय असलेला प्रश्न आहे.

सुईला काय कळतं हे एकदा नीट समजून घेतलं की पुढची वाट सापडते. तिच्यामागचं कार्ट्रिज एकच गोष्ट मोजतं: रेकॉर्ड आणि टोनआर्म या दोघांत आत्ता किती हालचाल झाली. ती रेघेतल्या वळणामुळे झाली की खालच्या रस्त्यावरून बस गेली म्हणून, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घेण्याचा मार्गही नसतो. मोनो एलपीत सुई आडवी हालचाल वाचायची. १९५८ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टीरिओ रेकॉर्डमध्ये ती वरखालीही वाचू लागली, आणि जमिनीचे हादरे तर बहुतेक वरखालीच येतात. स्टीरिओनं गाण्याला रुंदी दिली, पण त्याच दारानं पावलंही आत शिरली. एकदा हादरा गाण्यात मिसळला की ॲम्प्लिफायर दोघांनाही सारख्याच इमानानं मोठं करतो.

माझ्याकडे कुणी रॅकबद्दल विचारायला आलं, तर मी आधी कॅटलॉग मिटायला लावतो आणि एक प्रयोग करायला सांगतो. टर्नटेबलची मोटर बंद ठेवायची. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई अलगद टेकवायची. आवाज आपण नेहमी ऐकतो तितका, हळूहळू वाढवायचा. मग बोटाच्या पेरानं रॅकच्या फळीवर हलकेच टिचकी मारायची आणि कान स्पीकरकडे ठेवायचा. काचेची फळी असेल तर ‘टिंग’ येतं आणि ते लवकर विझत नाही. पोकळ टेबल असेल तर ‘ढब्ब’. रिकाम्या पोलादी नळ्यांचा सांगाडा असेल तर लांबत जाणारा नाद. त्यानंतर खोलीतून एक फेरी मारायची, दार लावायचं, स्वयंपाकघरात कुणाला तरी मिक्सर सुरू करायला सांगायचं. पंधरा मिनिटांत घर आपली सगळी कुळकथा स्पीकरमधून सांगून मोकळं होतं.

प्रत्येक टेकूला स्वतःचा एक सूर असतो. ज्या वस्तूला वजन आहे आणि थोडी का होईना लवचिकता आहे, ती आपल्या ठरलेल्या गतीनं डोलणारच. त्यातून ना लाकूड सुटतं, ना दगड, ना पोलाद. विक्रेते ‘कंपमुक्त’ असा शब्द वापरतात तेव्हा मला ते पटत नाही. रॅक निवडायचा म्हणजे त्याचा सूर कुठं बसवायचा ते ठरवायचं, म्हणजे तो गाण्याच्या वाटेत येणार नाही.

स्प्रिंगचं गणित या बाबतीत फार देखणं आहे. वर यंत्र ठेवल्यावर स्प्रिंग किती दबली, एवढ्यावरून तिचा सूर सांगता येतो. एक सेंटिमीटर दबली तर सेकंदाला साधारण ५ आंदोलनं, अडीच सेंटिमीटर दबली तर ३ हून किंचित जास्त. यंत्राचं वजन किती, तार किती जाड, काही विचारावं लागत नाही, फूटपट्टी पुरते. या सुराच्या साधारण दीडपट वर गेलं की स्प्रिंग हादरे अडवू लागते, आणि जसजसं वर जावं तसतशी जास्त अडवते. ऐन तिच्या सुरावर येणाऱ्या हादऱ्याला मात्र ती उलट मोठं करते. गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे ३ किंवा ४ हर्ट्झवर डोलणारी स्प्रिंग गाण्याच्या कितीतरी खाली राहते. मधे एक नाजूक पट्टा आहे. टोनआर्म आणि कार्ट्रिज यांचा मिळून एक सूर होतो, आणि नीट जुळवलेल्या यंत्रात तो ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असतो. टेकूचा सूर नेमका त्या पट्ट्यात पडला, तर गाणं सुरू नसतानाही वूफर आत-बाहेर होताना डोळ्यांना दिसतो. कानांना त्यातलं काही ऐकू येत नाही, पण ॲम्प्लिफायरची ताकद त्यात वाया जाते आणि गाणं गढूळ होतं.

एडगर विल्चर या अमेरिकन संशोधकानं हे सगळं जाणून १९६१ मध्ये एआर टर्नटेबल आणलं. रेकॉर्डची थाळी आणि टोनआर्म एकाच सांगाड्यावर बसवलेले, आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तोललेला. मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला लावलेली. बाहेरून धक्का आला तर थाळी आणि आर्म दोघं मिळून डोलणार. दोघांत फरक पडणार नाही, आणि सुई तर फरकच वाचते. मला या कल्पनेतला साधेपणा दर वेळी नव्यानं भावतो. ग्लासगोत गेली पन्नासहून अधिक वर्षं बनत असलेलं लिन सोंडेक याच कुळातलं. उलट टेक्निक्सनं १९७९ मध्ये एसएल-१२०० चा दुसरा अवतार आणला तो जड रबरी तळ घेऊन, कारण त्याला दणदणत्या नाचघरात उभं राहायचं होतं. एक डोलून वाचतं, दुसरं अंगानं जड होऊन. दोघांना एकच रॅक मानवेल अशी अपेक्षा धरू नये.

इथंच वाड्यात राहणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. माणूस चालतो सेकंदाला साधारण दोन पावलं. मऊ स्प्रिंगचा सूर तीनच्या आसपास, म्हणजे पावलांच्या अगदी शेजारी. त्यात लाकडी जमीन पावलागणिक दबते आणि उसळते. सिमेंटच्या स्लॅबवर निवांत वाजणारं स्प्रिंगांचं टर्नटेबल अशा जमिनीवर आणलं की घरातलं मूल धावत गेल्यावर सुई रेघ सोडून उडते. त्याच्याखाली आणखी मऊ काही सरकवलं तर ते जास्तच झुलतं. लोक हौसेनं स्प्रिंगांच्या यंत्राखाली रबर, रबराखाली पुन्हा स्प्रिंगा असे थर चढवत जातात. एकमेकांच्या जवळचे सूर असे एकावर एक आले की सगळा डोलारा बोट लावताच बराच वेळ झुलत राहतो. अशा जमिनीवर उपाय एकच, जमीन सोडायची आणि भिंतीला धरायचं. वाड्याची बाहेरची भिंत दीड-दोन फूट जाड असते. पावलं तुळयांमधून फिरत राहतात. भिंतीपर्यंत पोहोचेतो त्यांचा जोर ओसरलेला असतो.

त्या भिंतीवरची फळी करायला आमचे मिस्त्री आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “दादा, वजन किती येणार याच्यावर?”

“पंधरा किलो धरा.”

“मग एवढा जाड अँगल कशाला सांगताय?”

“पडू नये म्हणून नाही सांगत. हलू नये म्हणून.”

ते हसले नाहीत, विचारात पडले. मग पिशवीतून तीन तुकडे काढले. सागाची फळी, मरीन प्लाय आणि एमडीएफ. प्रत्येक तुकडा वरच्या कोपऱ्याशी दोन बोटांत सैल धरून त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकला. साग खणखणीत बोलला. प्लाय थोडा घुमून थांबला. एमडीएफ बद्द. “दाराला मी बद्द माल कधीच घेत नाही,” ते म्हणाले, “पण तुमचं काम उलटं दिसतंय.” उलटंच होतं. पण पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतो, त्यामुळे तो बाद झाला. शेवटी १८ मिलिमीटरच्या दोन मरीन प्लायच्या मधे पातळ रबराची चादर चिकटवून एकच फळी केली. वरचा प्लाय थरथरू लागला की मधलं रबर चोळलं जातं आणि थरथर किंचित उष्णतेत जिरून जाते. मिस्त्रींनी ती फळी दोन बोटांत धरून ठोकली, पुन्हा ठोकली, आणि पाणसळ काढून थेट कामालाच लागले.

भिंतीची चौकशी त्यांनी माझ्याहून बारकाईनं केली. जुन्या विटांत आणि माती-चुन्यात नुसता फिशर धरत नाही, म्हणून ब्रॅकेटचे दांडे खोलवर नेऊन पुरले. फळी ब्रॅकेटला घट्ट आवळली नाही, तीन टोकदार पायांवर टेकवली. तीन पाय कधीच लटपटत नाहीत. पाणसळीचा बुडबुडा आडवा आणि उभा दोन्हीकडून मधोमध आला तेव्हाच त्यांनी पाना खाली ठेवला. थाळी जराशी कलती राहिली तरी आर्म एका बाजूला ओढला जातो आणि स्प्रिंगा वाकड्या दबतात, हे मी सांगायच्या आत त्यांच्या हातांना कळलेलं होतं.

नंतर किशोरी आमोणकरांच्या भूपाची जुनी एचएमव्हीची रेकॉर्ड लावली. सुरुवातीला नुसते तंबोरे आहेत. पूर्वी तिथं एक सलग गुंजन ऐकू यायचं आणि त्याच्या तळाशी काहीतरी घरघरत असायचं. आता ती घरघर निघून गेली आणि जोडीच्या दोन तारा एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येऊ लागल्या. खर्जाची तार छेडल्यानंतर तिच्यातून वर उमटणारे स्वयंभू स्वर एकेक करून कानाशी येतात आणि मग विरतात. हे सगळं रेकॉर्डमध्ये होतंच, माझ्या जमिनीनं ते झाकून ठेवलं होतं.

हाच प्रश्न याच महाराष्ट्रात फार मोठ्या मापानं सोडवला जाणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना ४० किलोचे आरसे. अमेरिकेतल्या जुळ्या वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली, ती प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजून. तिथला आरसा जमिनीवर टेकवलेला नसतो. चार टप्प्यांच्या लंबकाच्या शेवटी, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक काचेच्या तंतूंनी तो टांगलेला असतो. आपल्या सुराच्या वरचे हादरे प्रत्येक टप्पा कमी करतो, आणि पुढचा टप्पा त्या उरलेल्यातून आणखी कमी करतो. तिथं टप्प्यावर टप्पा चालतो, कारण प्रत्येकाचा सूर मोजून ठरवलेला असतो आणि डोलणाऱ्याला आवरायला यंत्रणा असते. त्या आरशाबद्दल वाचताना मला भिंतीवरची माझी फळी आठवते आणि दोन्ही एकाच घराण्यातल्या वाटतात.

बाकीच्या यंत्रांसाठी एवढी काळजी लागते का? व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर थोडी लागते. काचेच्या नळीतली नाजूक जाळी थरथरली की तोही आवाज होतो. नळीला पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारली तर स्पीकरमध्ये ऐकू येतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला आणि सीडी प्लेयरला मात्र मजबूत, वारा खेळता ठेवणारं आणि न डगमगणारं टेबल पुरतं. तारा जमिनीपासून उचलून धरणाऱ्या महागड्या ठोकळ्यांवर मी एक पैसाही घालणार नाही आणि कुणाला घालू देणार नाही. तेवढ्यात दहा रेकॉर्डी येतात. कडप्प्याचा तुकडा स्वस्त मिळतो म्हणून लोक तो सर्रास वापरतात. वजनाला तो उत्तम, पण ठोकला की टणत्कारतो, म्हणून त्याच्या पाठीला जाड नमदा किंवा रबर चिकटवावं. पोलादी नळ्यांचा सांगाडा करून घ्यायचा असेल तर नळ्यांत वाळू भरावी, आणि ती गच्चीवर कडक उन्हात चांगली वाळवूनच भरावी. ओली वाळू नळीला आतून गंजवते.

उरले स्पीकर. हादऱ्याचा सगळ्यात मोठा उगम घरात तेच असतात, आणि टर्नटेबल कधीही त्यांच्याबरोबर एका टेबलावर किंवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नये, कारण खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात. आपल्या वादकांना टेकूचं हे शास्त्र फार पूर्वीपासून हातानं ठाऊक आहे. तबला कुणी थेट जमिनीवर ठेवत नाही. कापडाची चुंबळ त्याला स्थिरही ठेवते आणि त्याचा नाद जमिनीत जिरूही देत नाही. मी स्पीकरच्या खाली शहाबादी फरशी ठेवली आणि फरशीच्या खाली मऊ रबराचे ठोकळे दिले. भिंतीवरच्या यंत्राला त्यानं काही विशेष फरक पडला नाही.

फरक पडला खालच्या मजल्यावर. काकू एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “अरे, तुझा तो डग्गा हल्ली आमच्या माजघरात उतरत नाही बरं का. पूर्वी मी पोथी वाचायला बसले की आढ्यातून धम्‌ धम्‌ यायचं.”

“आणि गाणं? त्याचा त्रास होतो का?”

“ते खिडकीतून येतं. ते येऊ दे. फक्त दुपारी चारच्या आधी लावत नको जाऊस, ह्यांचा डोळा लागलेला असतो.”