पंधराव्या किलोमीटरपर्यंत



आमच्या लग्नाला २९ वर्षे होत आली, तरी आम्ही नवराबायको रस्त्याने कधी शेजारी शेजारी चाललो नव्हतो. हे पुढे आणि मी चार पावले मागे, हातात पिशवी. बाजाराला, लग्नकार्याला, देवाला, सगळीकडे हाच रिवाज. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही असेच असेल. म्हणूनच ही हकीकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

आमचे गाव सासवडच्या पुढे, पुरंदर तालुक्यात. थोडी सीताफळे, थोडी अंजिरे, बाकी जिराईत. २०२२ च्या पावसाळ्यात ह्यांना सारखी तहान लागू लागली, अंगावरचे कपडे सैल झाले. रक्त तपासले तर साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज पाऊण तास चालायला सांगितले. हे घरी येऊन चिडले. म्हणाले, "जन्मभर रानात राबलो, आता मला चालायला शिकवतात!"

पण मंडळी, खरे सांगा, आपण हल्ली रानात कितीसे चालतो? मळ्यात जायचे मोटारसायकलवर, पंप सुरू करायचा मोबाइलवरून, नांगरट ट्रॅक्टरची. दावणीचे बैल गेले तेव्हा त्यांच्यामागचे चालणेही गेले, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते.

एकटे जायला हे तयार होईनात, म्हणून पहाटे मीही निघू लागले. पहिले काही दिवस तीच तऱ्हा, हे पुढे, मी मागे. आमच्या भावकीतला एक मुलगा पोलीस भरतीसाठी पळायचा. तो एकदा थांबून म्हणाला, "काकू, चालता तसे हळूहळू पळायलाही लागा. पण बोलता येईल एवढ्याच वेगाने. धापेने बोलणे तुटले की वेग कमी करायचा." आता बोलायचे तर माणूस शेजारी हवा. अशा रीतीने २९ वर्षांनी आम्ही बरोबरीला आलो!

गावात हसू झालेच. "वहिनी, कुठे आग लागली काय?" असे बायका विचारायच्या. सासूबाई म्हणायच्या, "पळायचे वय आहे का हे?" मी त्यांना बारामतीकडच्या लता करे यांची गोष्ट सांगितली. साठी उलटलेल्या ह्या बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून नऊवारी नेसून अनवाणी बारामतीच्या शर्यतीत धावल्या आणि बक्षीस घेऊन आल्या. त्यांच्यावर २०२० साली मराठी चित्रपटही आला. ते ऐकल्यावर सासूबाई गप्प झाल्या. पुढे तर दाराची कडी काढायला त्याच आमच्याआधी उठू लागल्या.

अंधारात पळताना माणूस कसा मोकळा होतो बघा. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी पळताना बोलता येते. एके पहाटे हे अचानक म्हणाले, "बोअरसाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही." बोअर कोरडी गेली हे मला ठाऊक होते. कर्ज फिटले असे मात्र ह्यांनी दोन वर्षे सांगितले होते. मी पळतच राहिले. थांबले असते तर भांडण झाले असते. घरी आल्यावर चहा झाला, मी पाटल्या काढून पुढे ठेवल्या आणि विचारले, "आणखी काय लपवले आहे?" हे म्हणाले, "काही नाही."

त्या वर्षाच्या शेवटी भाच्याने आमची नावे पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये घातली. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची. आमची अर्धी, म्हणजे २१ किलोमीटरहून थोडी जास्त. पालखीबरोबर पुण्याहून दिवेघाट चढून सासवडला येणाऱ्या आयाबायांना एवढ्या अंतराचे भय नाही. पण ते दिवसभराचे चालणे, हे एका दमाचे पळणे.

पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती त्यानंतरच्या वर्षी, १९८४ साली. पण शहरी लोकांचा हा शौक आहे असे कोणी समजू नये. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या जुन्या शर्यतींत अनवाणी धावणारी मुले शेतकरी घरांतली होती. सर दोराबजी टाटा त्यांचे धावणे पाहून चकित झाले, आणि त्यातूनच हिंदुस्थानचे खेळाडू १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. तिथे बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. म्हणजे हे पळणे मुळात आपल्याच लोकांचे आहे.

३ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आम्ही सणस मैदानाजवळ उभे होतो. भोवती हजारो माणसे, दिव्यांचा उजेड, आणि त्यात मी पंजाबी ड्रेस घालून, छातीवर नंबर लावून! धावणे सुरू झाले. सिंहगड रस्त्याने नांदेड सिटीच्या दिशेने जायचे आणि परत फिरायचे. ह्यांनी सुरुवातीलाच मुसंडी मारली. मी ओरडले, "अहो, बोलता येईल एवढेच!" मग हे सावरले. दहा किलोमीटर आम्ही ठरल्या वेगाने गेलो. मला त्या दिवशी पाय जमिनीला लागत नाहीत असे वाटत होते. खोटे कशाला सांगू, माझ्या मनात पाऊणे तीन तासांचा आकडा होता, आणि तो साधणार असे दिसत होते.

परतीच्या वाटेवर हे बोलेनासे झाले. मी काही विचारले तर नुसते "हं". पंधराव्या किलोमीटरच्या पाटीजवळ म्हणाले, "पिंढरीत गोळा आला. तू हो पुढे." आम्ही घरून ठरवूनच निघालो होतो की एकजण थांबला तर दुसऱ्याने थांबायचे नाही. मी वीसेक पावले पुढे गेलेही. नवऱ्याच्या पुढे जाण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. मागे वळून पाहिले तर हे दिव्याच्या खांबाला धरून उभे. परत आले, हात धरला. डिसेंबरची थंडी, आणि हात घामाने थबथबलेला, थरथरणारा. हा पिंढरीचा गोळा नव्हता.

"रात्री गोळी घेतली होती ना? आणि निघताना काय खाल्ले?"

बराच वेळ उत्तर नाही. मग हळूच म्हणाले, "एवढ्या अपरात्री घास उतरेना. तू रागावशील म्हणून भाकरी पिशवीत तशीच ठेवली."

मी ओढणीच्या गाठीत साखर बांधून आणली होती. ती पाण्यात कालवून पाजली. जवळच मदतीचे पथक होते, त्यांनी बोटाला टोचून पाहिले. साखर ५४. सत्तरच्या खाली गेली की धोका असतो, असे त्यांनी सांगितले. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ती वर आली होती. पण आज आता धावायचे नाही, असे त्यांनी बजावले. आमची शर्यत तिथेच संपली.

दुभाजकाच्या कठड्यावर आम्ही बसलो. समोरून माणसे पळत होती, त्यांत माझ्याहून हळू पळणाऱ्या बायकाही होत्या. मला रडू आले. ह्यांना वाटले भीतीने आले. मी स्पष्ट सांगितले, "भीतीने नाही, रागाने. कर्ज लपवलेत, भाकरी लपवलीत. बैलजोडीतला एक बैल लंगडत असला तर दुसऱ्याला ते जुवातून कळते. मला कशातून कळायचे?"

हे खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "बाईमाणसाला आपला कमीपणा कसा सांगायचा, हे मला कोणी शिकवलेच नाही." एवढ्या वर्षांत ह्यांनी मला सांगितलेले सर्वांत खरे वाक्य हेच असावे.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. काही गोळ्यांनी साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून लांब चालण्याधावण्याच्या दिवशी गोळी किती आणि केव्हा, हे आधी विचारायला हवे होते. ते आम्ही विचारलेच नव्हते. तुमच्या घरी साखरेचे कोणी असेल तर एवढे ध्यानात ठेवा. उपाशी पळू नये, खिशात साखर असावी, अंगाला कंप सुटला किंवा दरदरून घाम आला तर आधी साखर घ्यावी आणि मग बाकीचे बोलावे. ज्यांनी कधी धावण्याचा सराव केला नाही त्यांनी आधी तपासून घ्यावे आणि सहा-आठ महिने हळूहळू वाढवत जावे. शेतातल्या कष्टांनी अंग कणखर होते, पण म्हणून धावण्याची सवय होते असे नाही.

पुढच्या खेपेला फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, "तू एकटी धाव. माझ्यामुळे तुझा आकडा हुकला. मी पाणी घेऊन कडेला उभा राहतो."

मी म्हटले, "बरोबरच धावायचे. आकडा राहू द्या. फक्त भाकरी माझ्यादेखत खायची."

हल्ली आम्ही पहाटे निघतो तेव्हा सासूबाई आधी ह्यांना विचारतात, "खाल्लेस का रे?" आणि हे उत्तर माझ्याकडे बघून देतात.